साडूच्या कॉलनीत कचरा बघायला

"कोपरा कुणाचा? हा कोपरा कुणाचा ते आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर मी एकेका घरात येते!"

सकाळचे सात वाजले होते. मी नाशिकला, इंदिरानगरात, माझ्या साडूच्या बाल्कनीत चहाचा पहिला घोट घेत उभा होतो आणि खाली एक बाई ओरडत होती. ओरडत होती म्हणजे कशी? आमच्या मालेगावात एका गल्लीतले दोनशे माग एकदम धडधडत असताना माणूस माणसाला हाक मारतो ना, तशी. समोरच्या गुलमोहरावरचे कावळे जे उडाले ते थेट पांडवलेण्यावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत, मी स्वतः पाहिलं.

बाईंच्या चिमटीत काहीतरी निळं होतं. एवढा आरडाओरडा म्हणजे नीलमच असणार असं मला वाटलं. पण ते होतं प्लास्टिक. नखाएवढा तिकोनी तुकडा.

मागून माझे साडू विनायकराव आले. "भास्करराव, चहा तुम्ही केलात?"

"हो. म्हटलं, कुसुमला झोपू द्यावं."

"दुधाची पिशवी कशी कापलीत?"

"कात्रीनं. कशी कापतात?"

"आणि कापलेला कोपरा?"

"गेला असेल चहाच्या चोथ्याबरोबर ओल्या बादलीत."

विनायकरावांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चप्पल घालून गेलो होतो. ती बादली ते पाच मिनिटांपूर्वीच खाली देऊन आले होते.

आम्ही खाली उतरलो. त्या बाई म्हणजे द्वारकाबाई. उभा जन्म पोस्टात टपालाची छाटणी केलेली, आता निवृत्त, आणि आता कॉलनीच्या कचऱ्याची छाटणी करणाऱ्या. कॉलनीतली चाळीसेक घरं रोज सकाळी आपापली ओल्या कचऱ्याची बादली घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभी राहतात. बाई बादलीत हात घालतात, ढवळतात, आणि चुकीचं काही निघालं तर ज्याचं त्याला परत पाठवतात. रागावून नाही हं, रीतसर. लिफाफ्यात घालून, वर घराचा नंबर लिहून.

"निळी पिशवी या लायनीत तिघांकडे येते," बाई म्हणाल्या. "दोघांच्या पिशव्या माझ्याकडे अख्ख्या पोचल्या, नुसती चीर दिलेल्या. म्हणजे हे टपाल तुमचं."

"पाहुणे आहेत हो," विनायकराव म्हणाले.

"पाहुण्यांचं प्लास्टिक काय कुजतं का?"

रांगेतली चाळीस घरं हसली. लिफाफा माझ्या हातात आला. उभ्या आयुष्यात मला एवढ्या तातडीनं टपाल मिळालं नव्हतं.

वास्तविक आमच्या घरी दूध येतं बशीरभाईंच्या गोठ्यातून, किटलीत. पिशवीच नाही तर कोपरा कुठला? म्हणजे या बाबतीत मालेगाव नाशिकच्या पन्नास वर्षं पुढे आहे. पण हे मला तिथे सुचलं नाही. सुचलं ते दुपारी जेवताना, आणि तेव्हा कुणी विचारलं नाही.

मुळात गेलो कशाला

साडू हे नातं देवानं फक्त तुलनेसाठी केलं आहे. भावाशी भांडता येतं, शत्रूला टाळता येतं. साडूला मात्र एकाच सासऱ्यानं तुमच्याबरोबर एका तराजूत बसवून ठेवलेलं असतं आणि दोघी बहिणी जन्मभर काट्याकडे बघत बसतात. त्यातून माझे साडू म्हणजे कारकून माणूस. गोष्ट सांगायची कला नाही, आवाज नाही, मिशी नाही. बसनं आले तर बसनंच आलो म्हणून सांगतात. अशा माणसाचं पारडं माझ्यापेक्षा जड व्हायचं काही कारण होतं का?

पण झालं. गेलं वर्षभर विनायकरावांची कुसुम रोज सकाळी माझ्या बायकोला, सुमनला, फोनवर फोटो पाठवते. आज खत निघालं. आज गल्लीतल्या झाडांना घातलं. आज खताच्या कुंडीत टोमॅटो आले. सुमन प्रत्येक फोटो माझ्या चहाच्या कपासमोर धरते आणि काही बोलत नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

आमच्या कॉलनीसमोर एक मोकळा प्लॉट आहे. तुम्ही इथलेच, तुम्हाला तो ठाऊक आहे. सगळी कॉलनी कचरा तिथे टाकते आणि दिवस कलला की कुणीतरी काडी लावतो. आमच्याकडे संध्याकाळ घड्याळावर होत नाही, धुरावर होते. सुमनला त्या धुराचा खोकला आहे. औषधाच्या इतक्या बाटल्या झाल्या की त्या एकावर एक रचल्या तर घंटाघर होईल. मी गप्प बसलो होतो असं नाही. कॉलनीच्या बैठकीत दीड तास भाषण केलं, कचरा जाळू नये अशा सूचनांचे कागद घरोघर वाटले. दुसऱ्या दिवशी प्लॉट त्याच कागदांवर पेटवला. छान पेटला म्हणे.

तेव्हा ठरवलं, जायचं आणि त्या इंदिरानगराचं पितळ उघडं पाडायचं. फोटोला वास नसतो. चाळीस घरांचा कचरा एका ठिकाणी कुजतो आणि घाण येत नाही? मी मोहम्मद अली रोडवरचं नव्हे, आपल्या मालेगावचं अस्सल अत्तर घेतलं, कानात फाया ठेवला, खिशात जास्तीचा रुमाल घेतला, आणि गुरुवारी आम्ही दोघं निघालो. रस्ता तुमचा पाठ आहे, तो सांगत नाही. चांदवडला भजी खाल्ली, एवढं पुरे.

शुक्रवारी, खड्ड्यापाशी

लिफाफ्याचं प्रकरण निवल्यावर द्वारकाबाईंनी मला खड्डा दाखवायला नेलं. खड्डा कसला, विटांचे चार हौद. विटा मुद्दाम फटी ठेवून रचलेल्या, आत हवा खेळावी म्हणून. मी फाया नाकाशी नेला, रुमाल बांधला आणि श्वास रोखून वाकलो.

"रुमाल कशाला?" बाईंनी विचारलं.

"सवय आहे."

शेवटी श्वास सोडावाच लागला. आणि वास काय आला? काहीच नाही. अगदी नाकाचा शेंडा टेकवला तेव्हा ताक-गुळाचा जरासा आला. ते पाणी करून शिंपडतात, कुजायला विरजण म्हणून. तळाशी काड्या, मग वाळका पाला, मग ओला कचरा, मग पुन्हा पाला. आमच्या मालेगावच्या बिर्याणीतसुद्धा मी इतके नीट थर लावलेले पाहिलेले नाहीत.

"हात घाला," बाई म्हणाल्या.

घातला. आत ऊब होती. कोंबडी नुकतीच उठून गेलेल्या खुराड्यात हात घालावा तशी. सगळ्यांत शेवटच्या हौदात तर काळीभोर, भुसभुशीत माती. त्यात कालची केळ्याची साल कुठली आणि परवाची मेथी कुठली, ओळखून दाखवणाऱ्याला मी मालेगाव लिहून देईन.

माझ्या पोटात दुखायला लागलं. कुणाला वाटेल चांदवडची भजी. भजी नव्हेत. मी घाण शोधायला एवढ्या लांबून आलो आणि तीही यांच्याकडे नाही! घरी आल्यावर सुमननं विचारलं, "कसं होतं?" मी म्हणालो, "ठीक आहे. जागा लहान आहे."

शनिवार आणि सुका कचरा

शनिवारी या कॉलनीत कुणी गाडी काढत नाही. सायकल किंवा पाय. हे विनायकरावांनी मला असं सांगितलं, जणू सायकलचा शोध त्यांनीच लावला होता. अहो, सायकल! मालेगावच्या माणसाला! आमच्याकडे पाळण्यातलं पोर आधी घंटी वाजवतं, मग रडतं. मी तरुणपणी कॅरिअरवर सुताच्या चार गोण्या, पुढच्या नळीवर सुमन आणि हँडलला कलिंगड अडकवून मोसम पुलावरून उलट्या वाऱ्यात गेलो आहे. सुमनला विचारा. नको, राहू द्या.

विनायकरावांनी मला दिली ती गिअरची सायकल. मिसळ खायला चाललो होतो. मी म्हटलं, यांना एकदा मालेगावचा वेग दाखवू. उतार आला, मी कसलंसं बटण दाबलं, पायाखालून साखळी गेली आणि ब्रेक माझ्या सवयीच्या जागी नव्हता. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांनी जाळीचा मोठा पिंजरा उभा केला आहे. रस्त्यावरचा वाळका पाला जाळायचा नाही, झाडून त्यात भरायचा. मी त्या पिंजऱ्याचं दार उघडं असलेलं पाहिलं आणि मग मी आत होतो. छातीपर्यंत कडुनिंबाचा पाला. लागलं काहीच नाही. त्याचंही वाईट वाटलं, निदान खरचटलं असतं तर तक्रार करता आली असती.

शेजारी द्वारकाबाई खराटा घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पलीकडच्या बायकांना ओरडून सांगितलं, "सुका आलाय गं एक!"

मिसळीचं मात्र खोटं बोलणार नाही. काळ्या मसाल्याची तर्री, वर मटकी, बाजूला भाजलेला पापड, दही, आणि शेवटी गरम जिलबी. रस्सा इतका तिखट की एका घोटात मला माझे आजोबा दिसले, दुसऱ्या घोटात त्यांनी ओळख दाखवली. सगळ्यांनी घरून आपापले स्टीलचे पेले नेले होते. हॉटेलवाला कागदी पेले पुढे करतच नाही म्हणे, कॉलनीला ओळखतो. आमच्या कॉलनीलाही हॉटेलवाले ओळखतात, पण त्याची कारणं वेगळी.

रविवारी बारशाचं जेवण

रविवारी कॉलनीत एका घरी बारसं होतं. पंगत सभागृहात. आपल्याकडे बारसं झालं की दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्यावर सटाणा रस्त्यापर्यंत जातात आणि गायी त्यांच्या मागे. इथे सभागृहाच्या एका खोलीत कॉलनीची स्टीलची ताटं ठेवलेली आहेत. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यायची. आणि जेवल्यावर आपलं ताट ज्यानं त्यानं घासायचं. नवरदेव असो, आमदार असो, कुणीही. मीही!

आता खानदेशच्या वेशीवरच्या माणसाला साडूच्या गावात उष्टं ताट घेऊन नळावर उभं करणं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकाल. आमच्याकडे पाहुण्यानं ताट उचललं तर यजमान त्या घरात पुन्हा सोयरीक करत नाही. मी हातात काथ्या घेऊन उभा होतो, मनात तीन दिवसांचा जाळ साठलेला होता, आणि नेमक्या त्या वेळी शेजारी ताट घासणाऱ्या द्वारकाबाईंनी सरळ मनानं विचारलं,

"तुमच्या मालेगावात कसं करता हो?"

आणि माझं तोंड सुटलं.

म्हणालो, आमच्याकडे हे सगळं केव्हाचंच आहे. खड्डा? खड्डा विहिरीएवढा आहे. उतरायला पायऱ्या आहेत. त्याच्या गॅसवर बारा घरांच्या चुली चालतात, तेराव्या घरानं स्वतःहून सिलिंडर परत केला. खत न्यायला बागलाणातले डाळिंबवाले ट्रॅक्टर घेऊन पहाटेपासून रांग लावतात. एकदा त्या खड्ड्याच्या काठाला कुणी छत्री टेकवून ठेवली होती, आठ दिवसांनी तिच्या दांड्याला पालवी फुटली.

नळावरचं पाणी बंद झालं. सगळी पंगत ऐकत होती. असा मान मला आमच्या बैठकीत दीड तासात मिळाला नव्हता.

"पहिला थर कशाचा घालता?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"चिंध्यांचा," मी म्हणालो. "मागावरच्या."

"नायलॉनच्या?"

"सगळ्या."

"आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे?"

"एकही निघत नाही," मी छाती काढून म्हणालो. तेवढं एक वाक्य खरं होतं.

बाईंनी ताट उलटं करून पाणी निथळलं. "मग बघायलाच पाहिजे. काय गं कुसुम?"

"बघायचंच आहे!" कुसुम म्हणाली. "दाजी, पुढच्या रविवारी येतो आम्ही. सगळेच येतो."

"एक गाडी ठरवू," विनायकराव म्हणाले. "कोण कोण येणार, हात वर करा."

साबणाचा फेस लागलेले तीसेक हात वर गेले.

पलीकडच्या नळावर दोघी बहिणी. त्या सटाण्याकडच्या, एकमेकींशी बोलताना कधी कधी माहेरच्या बोलीत जातात, मग 'आहे'चं 'शे' होतं. कुसुमनं हळूच विचारलं, "ताई, मालेगावमा काय शे खरंच?"

सुमननं ताट घासता घासता सांगितलं, "धूर शे."

संध्याकाळी आम्ही दोघं तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर चक्कर मारायला गेलो. मी वाट बघत होतो की आता बोलेल, आता बोलेल. खोटं का बोललात म्हणेल, तोंड कुठे लपवाल म्हणेल. उत्तरं सगळी तयार होती. दोन फेऱ्या झाल्यावर ती थांबली.

"तुमच्या लक्षात आलं का काही?"

"काय?"

"गुरुवारपासून मी एकदाही खोकले नाही."

नव्हतं आलं लक्षात. इथल्या विटा मोजल्या, थर मोजले, कुणाच्या कुंडीत किती टोमॅटो तेही बघितलं. आणि माझीच बायको तीन दिवस सरळ श्वास घेत होती, हे मला दिसलं नाही. साडूनं बंगला बांधला असता, मोटार घेतली असती, तरी मी पचवलं असतं. पण तो माझ्या बायकोला हवा देऊन मोकळा झाला होता, आणि तीही सहज, येता-जाता, त्याला पत्ता नसताना. तेव्हा जी आग झाली तिच्यापुढे मिसळ काहीच नव्हे.

परत

सोमवारी निघताना द्वारकाबाईंनी पिकलेल्या खताचं एक पोतं दिलं. तोंड शिवलेलं, वर माझं नाव, गाव, कॉलनी, सगळं सुवाच्य. "तुमच्या विहिरीत टाका," म्हणाल्या. "आमचं विरजण तुमच्यात. मोठ्या खड्ड्याला हे कुठे पुरणार म्हणा." चेहऱ्यावर काही नाही. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काय आहे पोत्यात?"

"खत."

"कसलं?"

"साडूचं."

त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं आणि पोतं माझ्या मांडीवर ठेवू दिलं.

घरी आल्यावर मी रविवार टाळायच्या मागे लागलो. मंगळवारी फोन करून सांगितलं, इथे डोळ्यांची साथ आली आहे, घरटी चार डोळे लाल आहेत. विनायकराव म्हणाले, "गॉगल आणतो." बुधवारी सांगितलं, नळाला पाणी नाही, आंघोळ सोडा, प्यायचं काय तेच कळत नाही. म्हणाले, "कॅन भरून आणतो." गुरुवारी चांदवडचा घाटच खचवला. म्हणाले, "मग लवकर निघतो." या माणसाला गोष्ट सांगण्यात काही मजाच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्लॉटवर काडी पडली. कुणाच्या तरी लग्नातल्या ताटल्या होत्या, धूर काळा आणि जाड, गल्लीच्या तोंडाशी आला की माणूस आपल्याच घराचं दार चुकावा. मी दारात उभा होतो. समोरच्या घरातला एक जण मला म्हणाला, "काका, वाऱ्याच्या अंगाला कशाला उभे राहता? आत जा." आत गेलो. आत सुमन एका हातानं दाराची चौकट धरून खोकत होती. दुसऱ्या हातानं मला "काही नाही, काही नाही" अशी खूण करत होती. पोतं कोपऱ्यात तसंच शिवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी तिच्यासमोरच फोन लावला. म्हटलं, होऊन जाऊ दे.

"विनायकराव," मी म्हणालो, "नीट ऐका. आमच्याकडे खड्डा नाही. विहिरीएवढा नाही, बादलीएवढाही नाही. बारा चुली नाहीत, ट्रॅक्टर नाहीत, छत्रीला पालवी फुटली नव्हती. एक प्लॉट आहे, त्यावर राख आहे, आणि तुमची मेव्हणी रात्रंदिवस खोकते आहे. मी तुमच्या सगळ्या कॉलनीसमोर खोटं बोललो. का, तेही सांगतो. तुमच्यावर जळतो म्हणून. आता यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

पलीकडे मागे द्वारकाबाई कुणावर तरी ओरडत असल्याचं ऐकू येत होतं.

"माहीत आहे," विनायकराव म्हणाले. "फावडी किती आहेत तुमच्याकडे?"